पोटखराबा

पूर्णगडच्या अलीकडे, मुचकुंदीच्या काठाला
गट नंबर एकशे बारा आणि एकशे तेरा.
मधे बांध, बांधावर सात उंडीची झाडं,
आणि तालुक्याला आलेला एक अर्ज :
'शेजाऱ्याचे खरे क्षेत्र मोजून मिळावे.'
अर्जदार, अनसूया बाळकृष्ण भाटकर.

मी रोव्हरचा दांडा चिखलात रोवला
आणि उपग्रह सापडेपर्यंत उभी राहिले.
ओहोटी होती.
तिवरांच्या मुळांतून दोन चिंबोऱ्या
सरकारी काम बघायला बाहेर आल्या.

सातबारा म्हणतो,
इस्माईल फणसोपकर, एक्केचाळीस गुंठे.
भाटकरबाई, अडतीस.
"त्याचे सहा तर खाडीतच," बाई म्हणाल्या.
"दिवसातून दोनदा बुडतात
ते काय गुंठे झाले?"

इस्माईलभाई चहा घेऊनच आले.
एकतीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस,
पडवीत जगाचा नकाशा, कडा वाळवीने खाल्लेल्या,
म्हणजे अंटार्क्टिका जवळपास नाहीच.
"मोजणीबाई, सांगा. कॅनडा मोठा की अमेरिका?"
मी म्हटलं, कॅनडा. दिसतोच आहे.
"दिसतो कारण कागद वरच्या अंगाला ताणलाय.
उत्तरेकडचं सगळं असंच सुजतं.
पण ते सोडा. आकड्यातही तोच मोठा,
दीड लाख चौरस किलोमीटरने.
आता त्यातलं पाणी काढा."

मग त्यांनी सांगितलं थंडर बे नावाचं बंदर,
तिथे गहू भरायला जाताना
देशाच्या पोटातून दिवसच्या दिवस चाललेली बोट,
चारी बाजूंना पाणी, आणि पाणी गोडं.
"मी बादली टाकून चाखलं. खरंच गोडं.
हे सगळं त्यांच्या सातबाऱ्यावर!
ते वजा केलंत की कॅनडा
एक्क्याण्णव लाखांच्या आत येतो
आणि अमेरिका जरा बाहेर उरते.
थोरला धाकटा होतो. नुसतं पाणी काढल्यावर."

मी वहीत वजाबाकी केली.
एक्केचाळीसमधून पोटखराबा सहा : पस्तीस.
अडतीसमधून दोन : छत्तीस.
बाईंनी आकडा वाचला, काही बोलल्या नाहीत.
इस्माईलभाई हसले.
"बघ अनसूये. झालीस अमेरिका."

जिंकलेलं माणूस असं गप्प बसत नाही.
मग मला ती टोपली दिसली,
बांधाच्या खाली, त्यांच्या सहा गुंठ्यांत,
तिच्यात कोयता आणि ओली कालवं.
किती वर्षं? मी विचारलं.
"पोरगी नर्सिंगला होती तेव्हापासून,"
उत्तर इस्माईलभाईंनीच दिलं.
"आता माझा जावई म्हणतो कुंपण घालू.
मी नको म्हटलं. पण मी किती दिवस?"

म्हणजे बाईंना त्यांची जमीन नकोच होती.
पाणी त्यांचं नाही
एवढं कुणीतरी शिक्का मारून लिहायला हवं होतं.

आमच्या नमुन्यात लागवडीला रकाना आहे,
खराब्याला आहे, अ आणि ब असे दोन.
दगडावरून कालव सोडवताना
मनगट किती अंशात वळतं, याला नाही.
थंडर बेच्या नोंदवहीतही नसावा.

एवढ्यात भरती लागली.
आधी चिंबोऱ्या गेल्या, मग टोपलीचा बूड भिजला,
मग माझा झेंडा तिरका होत होत
एकशे बारातून एकशे तेरात गेला.
दोघंही तो धरायला उतरले,
गुडघाभर पाण्यात, एकमेकांना
"तू थांब, तुझे गुडघे" असं म्हणत.

साहेबांनी फोनवर विचारलं, खरं क्षेत्र किती निघालं?
मी शेऱ्यात लिहिलं :
'उधाणामुळे मोजणी अपूर्ण.
पुढील तारीख अर्जदार व शेजारी
एकमेकांना विचारून कळवतील.'
पिशवीत सागाच्या पानात बांधलेली कालवं होती.
कुठल्या गटातली, ते मी लिहिलं नाही.